निकाल एकविसाव्या दिवशी

उबवणीची अंडी विकायचा धंदा करायचाच असेल, तर तो लातूर जिल्ह्यात करू नये. कोंबड्यांची काही तक्रार नाही. अडचण दहावी-बारावीची आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या मुलखात वाढलेलं गिऱ्हाईक 100 अंडी नेतं आणि एकविसाव्या दिवशी फोन करतं, ‘भाऊ, 70 टक्केच लागला.’ आवाज असा की घरात सुतक पडलंय. पार्सलनं गेलेल्या गावरान अंड्यांतून 70 पिल्लं निघाली तर मी घरी जिलेबी आणतो. पण ज्या गावात 95 टक्केवाल्या पोराला ‘पाच कुठं गेले?’ असं विचारतात, तिथं माझ्या जिलेबीला कोण विचारतो!

मी अहमदपूरजवळ राहतो, त्यामुळं एका हाताला लातूर आणि दुसऱ्या हाताला नांदेड. नांदेडचं गिऱ्हाईक टक्केवारी काढत नाही. त्याला खानदान लागतं. असीलची अंडी मागायच्या आधी तो कोंबडा बघतो. मान, पाय, चाल, नजर. मग त्या कोंबड्याचा बाप कोण, हे विचारतो. झुंजी कायद्यानं बंद आहेत, हे मी न विचारता सांगतो. नुसती हौस म्हणून पाळतोय, हे तो न विचारता सांगतो.

कडकनाथची तऱ्हा वेगळी. झाबुआच्या या कोंबडीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचा भाव वाढला. दुसऱ्याच वर्षी सांगलीकडचा कडकनाथ घोटाळा गाजला आणि संशयही वाढला. आता गिऱ्हाईक माझ्या ट्रेमध्ये डोकावतं आणि विचारतं, ‘कोंबडी काळी, मटण काळं, मग अंडं गोरं कसं?’ कडकनाथचं अंडं फिकट बदामीच असतं, हे सांगताना मला उगाच आरोपीसारखं वाटतं. त्यात ती कोंबडी अंड्यांवर बसायला फारशी राजी नसते. मग तिच्या अंड्यांसाठी एखादी खुडूक गावरान कोंबडी शोधावी लागते. ती बिचारी कुणाचीही अंडी उबवते आणि काळीकुट्ट पिल्लं निघाली तरी शंका घेत नाही.

गिरिराज आणि वनराजची अंडी मात्र मी विकत नाही. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं काढला, वनराज हैदराबादच्या संशोधन केंद्रानं. दोन्ही संकरित. त्यांची पुढची पिढी आईबापांसारखी वाढेलच असं नसतं. हे समजावून सांगितलं की गिऱ्हाईक मान डोलावतं आणि दुसरीकडून तीच अंडी घेऊन येतं.

खरा वैरी मे महिना. उबवायच्या अंड्याला 15 ते 18 अंशांचा गारवा हवा, आणि ते आठवड्याच्या आत बसवायला हवं. साधारण 21 ते 24 अंशांच्या पुढं गेलं की आतला जीव हळूहळू वाढू लागतो. आणि आमच्याकडं दुपारचा पारा 42 च्या खाली यायला तयार नाही! म्हणजे मशीन नाही, कोंबडी नाही, आणि अंडं टपरीवर पार्सलची वाट बघत असतानाच आपल्या मनानं काम सुरू करतं. मात्र मशीनला लागतात ते सलग 37.5 अंश. हे ऊन दुपारी भाजतं, रात्री उतरतं. जीव धड वाढत नाही, धड थांबत नाही, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी विझतो. वरून शिरूर ताजबंदच्या पुढचे खड्डे. आदळआपट झाली की अंड्याच्या बोथट टोकातली हवेची पिशवी सुटते. म्हणून मी सोबत चिठ्ठी देतो: धुवू नका, बोथट टोक वर ठेवून एक दिवस विसावा द्या, मगच मशीनला लावा. चिठ्ठी कुणी वाचत नाही. निम्मे लोक अंडी स्वच्छ धुऊन, वर सुवासिक साबण लावून बसवतात.

आणि निकाल पडला की दोष वाटायला बसतात. कोंबडा म्हातारा, वीज गेली, अमावास्या होती, ढग गडगडले. एका काकांनी शेजाऱ्याची नजर धरली. मशीन दर तासाला उघडून ‘काय चाललंय’ बघणारा नातू मात्र कुणाच्या यादीत नसतो.

परवा चाकूरकडच्या एक मावशी आल्या. आखाडात विकायचे कोंबडे त्यांना नको होते, अंड्यांना तलंगा हव्या होत्या. ‘सतरा निघाले, त्यांतले बारा कोंबडे! भाऊ, कसला कोंबडा ठिवलाव रं?’

म्हटलं, ‘मावशी, कोंबड्याला बोल लावू नका. पक्ष्यांत नर की मादी हे कोंबडीकडून ठरतं. माणसांत उलटं, तिथं बापाकडून ठरतं.’

मावशींनी पिशवी खाली ठेवली. ‘म्हंजी आमच्याकडं तीन लेकी झाल्या, ते मालकांमुळं?’

‘हो.’

‘आणि सासू जलमभर मला बोलली.’ त्या जरा थांबल्या. ‘मंग आता पुढची अंडी न्यायला त्यांलाच धाडते. हेच समदं, असंच, त्यांच्या तोंडावर सांगायचं. आन् चार माणसं असताना सांग.’