फ्रेंच भोजनगृही जाणाऱ्या शिरूर-दौंडकरांस काही सूचना

गोऱ्या साहेबाला जेवू घालण्याचा अनुभव शिरूरकरांना नाही असे जो कोणी म्हणेल, त्याने घोडनदीच्या जुन्या छावणीतील कर्नल वॉलेसची कबर पाहिलेली नाही असे खुशाल समजावे. हा साहेब १८०९ साली इथे वारला, पुढे पंचक्रोशीने त्यास सत्पुरुष ठरवले, आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीपाशी आणण्याची चाल पडली. सरकारी गॅझेटियरातही तिची नोंद आहे. परंतु कबरीतला साहेब जे वाढू ते मुकाट्याने घेतो, आणि वर दाम मागत नाही. पुण्याच्या कोरेगाव पार्काकडच्या फ्रेंच भोजनगृहात मुकाट्याने घेण्याची पाळी आपली असते, आणि दामही आपणच मोजायचा असतो. सबब, महसुली खात्यात हयात घालवून आता चार एकर कांद्याची राखण करणाऱ्या या लेखकाने, दौंडच्या मेहुण्यांच्या, म्हणजे आमच्या दाजींच्या, संगतीत एकवार हा प्रसंग निभावल्यानंतर, उभय तालुक्यांतील गरजूंच्या माहितीकरिता पुढील सूचना लिहून ठेवल्या आहेत.

प्रथम दूरध्वनीवरून जागा राखून ठेवावी लागते. आगाऊ वर्दी दिल्याखेरीज जेवायला जाणे हा आपल्याकडेही अशिष्टपणाच असल्याने यात नवे काही नाही, नवे आहे ते पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलेले "काही विशेष प्रसंग आहे का, सर?" दाजींनी "जेवण" असे उत्तर दिले. ते वस्तुस्थितीला धरून असले तरी अपुरे पडते. लग्नाचा वाढदिवस सांगावा, म्हणजे शेवटी एक मेणबत्ती फुकट मिळते.

दोन पदार्थांच्या मध्ये जो प्रदीर्घ अवकाश जातो, त्याने शिरूरचा मनुष्य अस्वस्थ होतो, कारण नगर रस्त्यावर शिक्रापूरला गाडी तुंबली की अंगाचा तिळपापड करून घेण्याची त्याला सवय आहे. दौंडकराला हे शिक्षण वेगळे देण्याची गरज नाही. १८७८ साली मनमाडची लाइन येऊन मिळाल्यापासून, त्या बाजूने पुण्याकडे निघालेली गाडी दौंडात थांबवायची, इंजिन एका तोंडाचे काढून दुसऱ्या तोंडाला जोडायचे आणि मग आल्या दिशेकडेच तोंड फिरवून निघायचे, हा सोहळा त्याने पिढ्यान्‌पिढ्या फलाटावर उभे राहून पाहिलेला आहे. सूप गेले आणि पुढचे ताट येत नाही अशा वेळी दाजी प्रसन्न मुद्रेने एवढेच म्हणाले, "इंजिन बदलतायत."

पदार्थांची यादी हाती आली की ती सातबाऱ्याप्रमाणे वाचावी. नावे मोठी असतात आणि त्यांतली निम्मी अक्षरे उच्चारायची नसतात. मोडीचे जुने कागद लावलेल्यास लिहिलेले एक आणि वाचायचे दुसरे याचा धसका वाटण्याचे कारण नाही. खरी नजर ठेवायची ती तळाशी बारीक टायपात छापलेल्या, कर व सेवाशुल्क वेगळे असल्याच्या ओळीवर. हा 'इतर हक्क' रकाना होय, आणि जमीन असो की जेवण, बोजा नेहमी तिथेच चढवलेला असतो. रातातुई नामक पदार्थाचे वर्णन पाच ओळींचे असले तरी तो वांगे, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि दोडक्याच्या दूरच्या नात्यातली एक फळभाजी यांचा रस्साविरहित संसार आहे, हे ध्यानात असू द्यावे.

एकेक पदार्थ स्वतंत्रपणे आणून पुढ्यात मांडण्याच्या पद्धतीने पुष्कळांवर मोठे दडपण येते, आणि हीच अस्सल फ्रेंच रीत अशी त्यांची समजूत होते. वस्तुतः फ्रेंचांची जुनी रीत म्हणजे एका वाढपाचे सारे पदार्थ एकदम मेजावर मांडून टाकणे. एकामागून एक वाढण्याचा शिरस्ता त्यांनी एकोणिसाव्या शतकात रशियनांकडून उचलला, आणि आज युरोपात त्यास रशियन पद्धतच म्हणतात. म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरण-भात हे सर्व एकाच ताटात डावे-उजवे सांभाळून वाढणारी आमची मावशी ही खुद्द फ्रेंचांनी टाकून दिलेली फ्रेंच परंपरा शिरूरच्या आळीत चालवीत आहे. तिला हे सांगितल्यावर तिने वाढायचे थांबवले नाही.

आता कांद्याच्या सुपाकडे वळतो, कारण आमच्या तालुक्याचा खरा संबंध तिथे येतो. कांदे उभे, पातळ चिरून लोण्यावर मंद आचेवर पाऊण तास ते तासभर परततात, म्हणजे त्यांतली साखर जळू न देता तपकिरी होते. मग त्यात हाडांचा रस घालतात (माळकरी मंडळींनी येथे चौकशी करावी), वर पावाची भाजलेली चकती ठेवून तीवर ग्रुयेर नावाचे चीज किसतात आणि वाडगे भट्टीत घालतात. चमचा उचलला की चीजची तार ओठापासून वाडग्यापर्यंत लोंबते. जिलबीच्या पाकाची तार पाहणारास ती एकतारी की दोनतारी हे सांगण्याची अनावर इच्छा होईल. ती आवरावी आणि तार चमच्याच्या कडेने वाडग्यावरच तोडावी. त्याचप्रमाणे हा कांदा गावरान की हळवा, आणि चाळीत किती महिने पडून होता, हे पहिल्याच घोटास ओळखले तरी बोलून दाखवू नये. मात्र मनाशी एवढे जरूर असावे की ज्या वाडग्यासमोर आपण अंग चोरून बसलो आहोत, ते पॅरिसच्या ले आल या घाऊक बाजारात पहाटे ओझी वाहणाऱ्या हमालांचे आणि गाळेवाल्यांचे खाणे होते. १९६९ मध्ये तो बाजार शहराबाहेर रंजिसला हलवला गेला. सूप मात्र मागे राहिले आणि हळूहळू कुलीन झाले. मार्केट यार्डातला मिसळीचा टोप उद्या कोणी चांदीच्या झाकणाखालून आणला तर जे होईल, तेच इथे झाले आहे. भाव पडलेल्या साली ज्या रकमेस आमची अख्खी गोणी जाते, त्याहून अधिक रक्कम दोन कांद्यांच्या या वाडग्यास द्यावी लागते, याचा हिशेब टेबलावर मांडू नये. मी मांडला, आणि सूप निवले.

सुरी-काट्यांची भाषा मुकी असली तरी तीत दस्तऐवजाइतके बळ असते. दोन्ही टोके वर व मुठी फाकवून ठेवल्यास जेवण चालू आहे. दोन्ही शेजारी-शेजारी समांतर ठेवल्यास संपले. पंगतीत पानावर आडवा हात धरणे आणि हात धुवायला उठणे यांत जेवढे अंतर, तेवढेच इथे दोन इंचांचे असते. दाजींनी केवळ दम खाण्यासाठी आणि स्वभावतः टापटिपीचे असल्यामुळे सुरी-काटा रुळांसारखे समांतर लावले, तत्क्षणी निम्मी कोंबडी शिल्लक असलेली ताटली उचलली गेली. अपील चालत नाही. पाव मात्र सुरीने कापायचा नसून हातानेच मोडायचा असतो, आणि तेवढ्यापुरते आपले वर्चस्व निर्विवाद आहे.

द्राक्षमद्याविषयी फार लिहीत नाही. वाढणारा पेल्यात घोटभर ओतून आपल्या तोंडाकडे पाहत राहतो, तेव्हा तो उरलेले द्यायचे विसरला असे समजून हटकू नये. मान हलवून रुजवात द्यावी. फारच तपशिलात गेला तर आमच्या दौंड तालुक्यात, रोटी नावाच्या गावी, फ्रेंच शातोच्या थाटाची इमारत बांधून मद्य गाळले गेले आहे, एवढे सहज सांगावे. ज्या तालुक्यात रोटीला दारू होते, तिथल्या माणसास कमी लेखण्याचे धैर्य सहसा कोणी करीत नाही.

राहता राहिला वाढपी. काळा कोट, पांढरे हातमोजे, आणि तोंडून 'बोन आपेती' असे निसटते उच्चार यांवरून त्याच्या मुलखाविषयी अनुमान काढू नये. बिलाची चामडी वही ठेवताना आमचा वाढपी किंचित वाकला, मॅनेजर पाठमोरा असल्याची खात्री केली, आणि पुटपुटला, "पाव्हणं, गाव कोणतं म्हणायचं?" तो चौफुल्याच्या रस्त्यावरच्या न्हावऱ्याचा निघाला. "कांदा घातला का अजून चाळीतच हाय?" निम्मा घातला, म्हणालो. "मग बाकीचा धरून ठेवा. आमच्या थोरल्यानं घाई केली." अशा वेळी आपणही त्यास त्याच्या घरच्या मालाचा भाव विचारावा, बक्षिसीची नोट वहीत न ठेवता हातात द्यावी, आणि उभयतांनी आवाज खालीच ठेवावा, शेजारच्या टेबलावर नुकतेच कोणीतरी सूप मागवलेले असते.