दुधाच्या दातांची उजळणी

माणसाला दुधाचे दात २० येतात आणि कायमचे ३२. या दोन आकड्यांच्या मधल्या वयावर जो दवाखाना चालतो तो बालदंतवैद्याचा. तिथल्या डॉक्टरांचे शिक्षण, म्हणजे पदवीची पाच आणि पदव्युत्तर तीन वर्षे, चौकटीत घालून भिंतीवर टांगलेले असते. रिसेप्शनिस्ट, असिस्टंट आणि मावशी यांचे शिक्षण टांगता येत नाही, कारण ते संपत नाही. हे वर्ग दुपारी, दवाखाना बंद असताना, डबे उघडून भरतात. पुण्यात एक ते चार या वेळेचा काही शैक्षणिक उपयोग असेलच तर तो हा.

पहिला विषय भाषा. सुई, इंजेक्शन, टोचणे, उपटणे आणि रक्त हे शब्द दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचे असतात. ‘दुखणार नाही’ हे वाक्य तर सर्वांत घातक, कारण चार वर्षांच्या माणसाला त्यातले ‘नाही’ ऐकूच येत नाही. बंदी घातलेल्या शब्दांच्या जागी पर्यायी कोश पाठ करावा लागतो. भूल देणे म्हणजे दाताला झोपवणे, लाळ ओढणारी नळी म्हणजे हत्तीची सोंड, क्ष-किरण म्हणजे दाताचा फोटो, दाताभोवती ताणायचा रबरी पडदा म्हणजे रेनकोट आणि स्टीलची कॅप म्हणजे चांदीची टोपी. हा कोश एकदा जिभेवर बसला की उतरत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला निघालेल्या सासऱ्यांना ‘काही नाही हो बाबा, डोळ्याला जरा झोपवतील’ असा धीर देणारी सून या कोशाची पदवीधर समजावी.

या विषयातला अवघड धडा ‘किडा’ या शब्दाचा. मराठीत दात किडतो, दाताला कीड लागते. त्यामुळे ‘आपण किडा काढू या’ असे असिस्टंटच्या तोंडून सहज निघते. मग भरणी झाल्यावर मूल तो किडा बघायला मागते. तो जिवंत आहे का, त्याला पाय किती, आणि तो डबीत घालून शाळेत नेता येईल का, ही चौकशी अर्धा तास चालते, आणि बाहेर पुढचे तीन पेशंट ताटकळतात. वास्तविक किडा नसतोच. तोंडातले जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच हळूहळू विरघळवते. म्हणून वर्गात शिकवले जाते ते असे: दात ‘मळला’ आहे म्हणावे. मळ कोणी शाळेत नेत नाही.

दुसरा विषय पद्धतीचा. अमेरिकन दंतवैद्य ॲडलस्टन यांनी १९५९ साली सांगितलेली ‘सांगा, दाखवा, करा’ ही त्रिसूत्री आजही पायाभूत मानतात. आधी मुलाला त्याच्या भाषेत सांगायचे, मग फिरणारा ब्रश त्याच्या नखावर फिरवून दाखवायचा, आणि दाखवले तसेच, तेवढेच तोंडात करायचे. वर्गात कर्मचारी हे एकमेकांच्या नखांवर करून बघतात. पालकांची त्रिसूत्री मात्र निराळी असते: फसवा, धमकवा, धरा. ‘आइस्क्रीम खायला चाललोय’ म्हणून आणलेल्या मुलाला बाकावर बसवून ‘रडलास तर डॉक्टरकाका मोठ्ठं इंजेक्शन देतील’ असे एकदा बजावले की तीन महिन्यांचे प्रशिक्षण तिथेच संपते. म्हणून आईचे वाक्य पुरे होण्याआधी ‘आज आपण नुसते दात मोजणार आहोत हं’ असे मधेच, पण गोड आवाजात म्हणण्याचा सराव रिसेप्शनिस्टकडून वेगळा करून घेतात.

आजीसाठी स्वतंत्र धडा असतो. ‘दुधाचेच दात ते, पडणारच आहेत, पैसे कशाला घालवायचे?’ हा आजीचा प्रश्न तर्काला धरून असतो, आणि त्याचे उत्तरही तसेच द्यावे लागते. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात आणि तोवर त्या खालून येणाऱ्या दातांची जागा राखतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसेच हे, असे सांगितल्यावर आजींना लगेच पटते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांत मागे जी दाढ येते ती कोणताही दात न पाडता, न कळवता येते. घरचे तिला दुधाची समजतात. ती मात्र कायमची राहायला आलेली असते.

तिसरा विषय गणित. भुलेची मात्रा डॉक्टर ठरवतात, पण ती मुलाच्या वजनावर ठरते आणि वजन असिस्टंट घेते. लिग्नोकेनची कमाल मर्यादा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम धरली, तर १५ किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्के द्रावणाचे ३.३ मिलिलिटर. आईने तोंडी सांगितलेले वजन इथे चालत नाही. ‘काही खातच नाही हो’ या दुःखात ते दोन-तीन किलोंनी घटलेले असते.

निर्जंतुकीकरणात मावशींना शिकवावे लागत नाही. ऑटोक्लेव्ह हा कुकरच आहे, फक्त शिट्टी नाही. १२१ अंश सेल्सियसला वाफ धरली की मगच वेळ मोजायची, पाकिटबंद अवजारांना साधारण ३० मिनिटे. कचऱ्याचे रंग २०१६च्या नियमांनी ठरवून दिले आहेत: रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल, काच निळ्या डब्यात आणि सुया पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात.

शेवटचा विषय तातडीचा. खेळताना आपटून दात निघाला, असा फोन येतो तेव्हा मागे रडणे दोघांचे चालू असते. त्यात पहिला प्रश्न वयाचा विचारायचा. दात कायमचा असेल तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरावा, मूळ घासू नये, खोबणीत परत बसवता आला नाही तर दुधात घालून ताबडतोब यावे. दुधाचा दात परत बसवत नाहीत. थोडक्यात, कायमचा दात दुधात घालायचा आणि दुधाचा दात दुधात घालायचा नाही. हे वाक्य न अडखळता तीनदा म्हणता येईपर्यंत नव्या रिसेप्शनिस्टच्या हाती फोन देत नाहीत.

परीक्षेसाठी १९६२ची फ्रँकल श्रेणी उपलब्ध आहे. तीत मुलाच्या वागण्याच्या चार पायऱ्या आहेत, पूर्ण नकारापासून पूर्ण सहकारापर्यंत. कागदावर गुण मुलाला मिळतात, पण नापास कोण झाले ते सगळ्यांना कळते. खरा निकाल सहा महिन्यांनी, पुढच्या तपासणीला लागतो. मूल आपण होऊन खुर्चीत चढले तर दवाखाना उत्तीर्ण. दारातच फतकल मारून बसले, तर त्या दुपारी डबे पुन्हा उघडतात आणि उजळणी पहिल्या धड्यापासून सुरू होते.