सात लाख नव्याण्णव हजार नऊशे

सरकारी कचेरीतून काम कसं काढायचं, याचं आपल्याकडे एक शास्त्र आहे आणि ते शाळेत शिकवत नाहीत. शिरताना शिपायाशी दोन शब्द गोड बोलायचे. टेबलामागच्या माणसाचं आडनाव वाचून 'म्हणजे तुम्ही साताऱ्याकडचे का?' असा खडा टाकायचा. गाव जुळलं नाही तर सोयरीक जुळवायची. तीही नाही जुळली तर आवाज चढवायचा. आवाजानं भागलं नाही तर 'साहेब कुठायत?' आणि साहेब रजेवर निघाले तर 'बघतोच आता' म्हणून घरी येऊन जेवायचं.

या शास्त्राचा मी दोन्ही अंगांनी अभ्यास केलेला. उभी हयात बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. 'सही जुळत नाही', 'झेरॉक्सवर सही नाही' आणि 'आता जेवणाची सुट्टी' ही वाक्यं मी मान वर न करता म्हणू शकत असे. त्यामुळे निवृत्तीनंतर थायलंडमध्ये राहायचं ठरलं, तेव्हा तिथल्या इमिग्रेशनची मला फारशी धास्ती वाटली नाही. उलट थोडी कीवच वाटली त्यांची. समोर कोण येणार आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

थायलंडच का, असं नाशकात सगळ्यांनी विचारलं आणि विचारताना डोळे बारीक केले. कारण अगदी सोवळं होतं. मुलगा बँकॉकला नोकरीला. त्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं काही दिवस राहिलो आणि घरातल्या चौघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं की दोन-तीन तासांच्या अंतरावर राहिलो तर माया अधिक टिकेल. म्हणून समुद्रकाठच्या एका गावात घर भाड्यानं घेतलं. तिथे निम्मे शेजारी निवृत्त इंग्रज आणि जर्मन. त्यांचा दिवसभर एकच विषय असतो: व्हिसा. आपल्याकडे कट्ट्यावर गुडघे आणि सुना असतात, तसं.

नियम तसे सरळ आहेत. वय 50 पूर्ण असलं की थायलंड तुम्हाला निवृत्त मानतं. वर्षावर्षाची मुदतवाढ मिळते आणि तिची फी 1,900 बाट. मात्र स्वतःच्या पायावर उभे आहात हे दाखवावं लागतं. एक तर महिना 65,000 बाट उत्पन्न, नाहीतर थाई बँकेत 8,00,000 बाट. हे आठ लाख अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात बसून असायला हवेत. मुदतवाढ मिळाल्यावर आणखी तीन महिने त्यांना हात लावायचा नाही आणि त्यानंतरही चार लाखांच्या खाली जायचं नाही. थोडक्यात, पैसे तुमचेच, फक्त ते बघायचे. मुदत ठेवीवर माणसं अशीच जगतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शिवाय दर 90 दिवसांनी 'मी याच पत्त्यावर आहे' असं टीएम 47 नावाच्या फॉर्मवर कळवायचं. विसरलात तर दंड. त्याआधी घरमालकानं टीएम 30 भरून 'परदेशी माणूस राहायला आलाय' हे 24 तासांत कळवायचं. मुदतवाढीसाठी टीएम 7. मध्येच देशाबाहेर जायचं असेल तर टीएम 8 भरून परत येण्याचा परवाना काढायचा. तो न काढता विमानात बसलात तर मिळवलेली मुदतवाढ तिथेच संपली. इकडे मायदेशाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, नाहीतर पेन्शन थांबतं. म्हणजे थायलंडला दर तीन महिन्यांनी मी कुठे आहे ते हवं असतं आणि भारताला वर्षातून एकदा मी आहे का, एवढंच. दोन्ही चौकश्यांना मी आजवर खरी उत्तरं दिली आहेत.

पहिल्या वर्षी आमचं घोडं अडलं ते नकाशावर. घरापर्यंतचा नकाशा हातानं काढून द्या, म्हणाले. नाशिककर माणसाला पत्ता सांगता येतो, काढता येत नाही. 'मारुतीच्या देवळावरून सरळ या, पिठाच्या गिरणीला विचारा' ही आमची पद्धत. इथे खुणेला काय लिहिणार? मी मोठ्या अक्षरात 'सेव्हन-इलेव्हनच्या शेजारी' लिहिलं. थायलंडमध्ये दर चौकात सेव्हन-इलेव्हन असतं. खिडकीतल्या मुलीनं नकाशा उभा धरला, आडवा धरला आणि शेवटी स्वतःच्या फोनवर माझं घर शोधून मला दाखवलं. मी 'हो, हेच' म्हणालो. खरं तर ते शेजाऱ्याचं होतं.

दुसरी अडचण वडिलांची. पासपोर्टात माझ्या नावापुढे वडिलांचं नाव आहे, बँकेच्या पासबुकात नाही. हे मधले गृहस्थ कोण, असा प्रश्न आला. वडील, म्हणालो. ते याच घरात राहतात का? नाही, ते वारले. मग त्यांचं नाव अर्जात का? मराठी माणसाच्या नावात बाप जन्मभर बसलेला असतो, हे मी तुटक इंग्रजीत आणि पुष्कळ हातवाऱ्यांत समजावलं. तिनं गंभीरपणे हात जोडले. बहुधा वडिलांना. आणि कागद पुढे सरकला.

एकूण पहिलं वर्ष निभावलं आणि तिथेच माझ्या अंगात वारं शिरलं. शेजारचा इंग्रज एजंटला पैसे मोजतो हे कळल्यावर मी हसलो. त्याला कागद कसे लावायचे यावर व्याख्यान दिलं. निळ्या शाईनं सह्या, प्रत्येक झेरॉक्सवर तारीख, चार बाय सहा सेंटिमीटरचे फोटो, बँकेच्या पत्रावर 2568 साल दिसलं तर घाबरायचं नाही, 543 वजा करायचे. तो नम्रपणे ऐकत होता आणि एजंटला पैसे देतच राहिला.

दुसऱ्या वर्षीचा अर्ज. मुदत संपायला तीन आठवडे बाकी, आदल्या दिवशी बँकेचं पत्र हातात, फाईल अशी लावलेली की माझ्या जुन्या ब्रँच मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. खात्यात बरोब्बर 8,00,000.00. हे शेवटचं शून्य महत्त्वाचं. व्याज जमा झालं की मी ते सतांगपर्यंत मोजून दुसऱ्या खात्यात टाकत असे. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं. गोल आकडा बघितला की बँकवाल्याला रात्री झोप लागते.

आता एक खुबी अशी की पासबुकात अर्जाच्या दिवशीची नोंद लागते, म्हणजे पैसे आजही जागेवर आहेत हे दिसावं. सगळे शेजारी सांगतात, सकाळी काहीतरी लहानसा व्यवहार करायचा आणि पासबुक छापून घ्यायचं. बँकेच्या दारात दोन यंत्रं होती. एक पैसे घेणारं आणि एक देणारं. घेणाऱ्यापुढे एक आजी नोटा सरळ करत उभ्या होत्या. मी देणाऱ्यापुढे गेलो. शंभर बाट काढले. समोरच्या गाडीवर अंडं घातलेला फ्राइड राइस आणि बर्फाची कॉफी घेतली. पासबुक छापलं, आजची तारीख बघितली, समाधानानं मिटलं. तारखेच्या पुढच्या रकान्यात मी पाहिलं नाही. हयातभर हजारो पासबुकं लोकांपुढे ढकलताना मी तरी कुठे पाहिलं होतं?

कचेरीबाहेर झेरॉक्सचं दुकान असतंच. देश कुठलाही असो, कायदा आत असतो आणि तो ज्याला कळतो तो माणूस बाहेर झेरॉक्स काढत असतो. तिथल्या बाईंनी पासबुकाचं पान काचेवर ठेवलं, उचललं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'ओके?' मी म्हणालो, 'ओके, ओके.' त्यांनी पुन्हा विचारलं, 'ओके?' मला वाटलं, इंग्रजी इथवरच येतं बिचारीचं.

आत टोकन, खुर्च्या, गारवा, भिंतीवर अर्धी चड्डी घालून येऊ नका अशी पाटी आणि तिच्याच खाली अर्ध्या चड्डीतला एक जर्मन. माझा नंबर लागला. थायलंडमध्ये इमिग्रेशन हे पोलिसांचं खातं आहे, त्यामुळे खिडकीत गणवेश असतो. पण गणवेशातली मुलगी माझ्या सुनेपेक्षा लहान. तिनं एकेक कागद पाहिला. नकाशावर मान हलली. वडिलांवर मान हलली. मग पासबुक. पेनाचं टोक ओळीवरून सरकत सरकत शेवटच्या आकड्यावर थांबलं आणि तिथेच राहिलं.

7,99,900.00.

ती हसली. थाई माणूस आनंदानंही हसतो आणि वाईट बातमी सांगतानाही हसतो. हे दुसरं हसू होतं.

मी म्हणालो, शंभर बाट तर आहेत, हे घ्या, आत्ता भरून येतो. ती म्हणाली, भरा. पण दोन महिने अखंड आठ लाख हवेत, ते आज सकाळी तुटले. आता पुन्हा दोन महिने. मुदत तीन आठवड्यांची होती. हे गणित मलाही येत होतं.

तेव्हा मी शास्त्र बाहेर काढलं. आडनाव विचारण्यात अर्थ नव्हता, तिच्या छातीवरची पाटी मला वाचता येत नव्हती. सातारा संभवत नव्हता. मी आवाज चढवला. आपल्याकडे आवाज चढला की आसपासचे चार लोक जमतात, कुणीतरी 'जाऊ द्या ना मॅडम' म्हणतं आणि रंग भरतो. इथे उलटंच झालं. माझा आवाज जसा वर गेला तसा तिचा खाली गेला. शेवटी तर नुसते ओठ हलत होते आणि ऐकण्यासाठी मलाच गप्प व्हावं लागलं. मागच्या खुर्च्यांवरची माणसं जमिनीकडे बघू लागली. कुणाच्या घरात भांडण लागलं की पाहुणे बघतात तसं नव्हे. त्यांना खरोखर माझी लाज वाटत होती.

'साहेब कुठायत?' साहेब रजेवर नव्हते. साहेब लगेच आले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली, पासबुक पाहिलं आणि तेच हसू हसले. मी शेवटचं अस्त्र काढलं: 'मी स्वतः बँकेत अधिकारी होतो.'

साहेबांनी पुन्हा एकदा आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि या माहितीनं त्यांना जो खरा आनंद झाला तो त्यांनी शक्य तितका लपवला.

घरी आल्यावर सौभाग्यवतींना सगळं सांगितलं. त्यांचा मुक्काम कायद्यानं माझ्या मुक्कामाला जोडलेला, म्हणजे शंभर बाटात आम्ही दोघंही हद्दपार. त्या एवढंच म्हणाल्या, 'अहो, दुसरं यंत्र होतं ना तिथे?' आणि थोड्या वेळानं, 'अंड्याचा फ्राइड राइस? आज गुरुवार होता.'

मग नाशिक. यावेळी ओ-ए नावाचा व्हिसा तिथूनच काढून यायचं ठरलं. तो मिळाला की पोचल्यावर एक वर्ष राहता येतं. त्याला पोलिसांचा दाखला लागतो, आरोग्यविमा लागतो आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. पोलीस पडताळणीला आलेले हवालदार सिन्नरचे निघाले, माझ्या मावसभावाच्या आळीतले. चहा झाला, पोहे झाले. माझं शास्त्र अजून चालतं हे बघून मला भरून आलं.

डॉक्टरांकडे मात्र फॉर्म मी उलटा करून टेबलावर ठेवला. त्यांनी सरळ करून मोठ्यानं वाचला. त्यांचा आवाज मूळचाच मोठा आणि दवाखाना भरलेला. अर्जदाराला कुष्ठरोग नाही, क्षय नाही, हत्तीरोग नाही, अमली पदार्थांचं व्यसन नाही आणि तिसऱ्या टप्प्यातला उपदंश नाही. चष्मा काढून ते म्हणाले, 'म्हणजे पहिले दोन टप्पे चालतात का त्यांना?'

दोघांची तिकिटं, विम्याचा हप्ता, रक्ताच्या तपासण्या आणि रिकाम्या घराचं दोन महिन्यांचं भाडं, असा तो फ्राइड राइस आम्हाला पडला. हिशेब मी मांडून ठेवला आहे. आकडा गोल आलेला नाही, म्हणून इथे देत नाही. परत आलो तेव्हा विमानतळावर शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्यानं माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही. इतकं घरच्यासारखं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

तर मंडळी, निवृत्तीनंतर तुमच्यापैकी कुणी इकडे यायचं मनात आणत असेल तर अवश्य या. हवा दमट पण प्रेमळ आहे, भाजी ताजी मिळते, आंबा जवळपास बारा महिने असतो, हापूसची सर नसली तरी. फक्त खात्यात आठ लाखांच्या वर हजारभर बाट पडू द्या, व्याजाला हात लावू नका, आणि अर्जाच्या दिवशी यंत्रात पैसे घालायचे, काढायचे नाहीत. नाश्ता घरूनच करून निघा.