साडेतीन बाय दोन इंचांत मावेल तेवढं

धंद्याला आधी भांडवल लागतं, गिऱ्हाईक लागतं, असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नये. आधी व्हिजिटिंग कार्ड छापावं. समजा, आपलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे.

कार्डाचा आकार साडेतीन बाय दोन इंच. एवढ्यात देव, घराणं आणि धंदा बसवायचा असतो. वर मधोमध ‘श्री’, एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला कुलदैवत. घरात कुरबुर नको म्हणून दोघांना सारखेच मिलिमीटर द्यावेत. खाली दुकानाचं नाव, सावली पडलेल्या सोनेरी अक्षरांत. मग आपलं नाव, ‘प्रोप्रा.’सकट. नुसतं ‘मोटार रिवाइंडिंग’ लिहिलं तर याला तेवढंच येतं असं लोक समजतात. तेव्हा पंखे, मिक्सर, सबमर्सिबल पंप, झालंच तर प्लॉट खरेदी-विक्री आणि विमाही घालावा. जागा उरली तर मोबाइल नंबर.

डिझाइन चालू असताना ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभं राहावं. सोबत मेहुणा असल्यास उत्तम. ऑपरेटर म्हणेल, बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत घेऊ, चार रंगांत घेतली आणि एखादा रंग जरा सरकला तर दोन-दोन दिसतील. म्हणेल, मजकूर कडेपासून तीन मिलिमीटर तरी आत ठेवू, कटिंगमध्ये थोडं पुढे-मागे होतं. तो रोज हेच काम करतो, म्हणून त्याचं ऐकलंच पाहिजे असं नाही. ‘लोगो अजून थोडा मोठा’ एवढंच म्हणत राहावं.

पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मंदच उतरतो, कारण पडदा उजेडाचा आणि कागद शाईचा. त्यातून स्वस्त मल्टिकलरच्या दरात एकाच मोठ्या शीटवर इतरांचीही कार्डं छापली जातात. शेजारच्या केटररसाठी लाल शाई जास्त सोडली की आपला गणपतीही लाजतो. याला पर्याय आहेत, पण ते महाग आहेत.

कागद 300 जीएसएमचा घ्यावा, वर मॅट लॅमिनेशन. हाताला फार सुरेख लागतं. बॉलपेनने त्यावर काही नीट उमटत नाही. कामापुरती 100 कार्डं डिजिटलवर निघतात. पण ऑफसेटला प्लेटचा खर्च 100 कार्डांना तेवढाच आणि 1000 ना तेवढाच, हे कळल्यावर 100 छापायला मराठी मन धजत नाही. उरलेल्या 900 वर किराण्याची यादी लिहू म्हणावं तर लॅमिनेशन आडवं येतं.

शेवटी प्रूफ. घरचे सगळे गणपती बघतील, मेहुणा लोगो बघेल, शुद्धलेखनाचा मान शेजारच्या निवृत्त गुरुजींना. नंबर कोणीच वाचणार नाही. रात्री पंप जळालेला माणूस मात्र कार्डावरचं तेवढंच वाचतो. तेव्हा सही करण्याआधी प्रूफ समोर धरून तो नंबर दुसऱ्याच्या फोनवरून एकदा लावा. आपला फोन वाजला, तरच छापायला सांगा.