अरण्यावाचून अरण्यमार्ग

वेल्समधील कोइड-इ-ब्रेनिनच्या अरण्यात १९९० च्या दशकात डोंगरी सायकलस्वारांसाठी मुद्दाम वाटा खोदण्यात आल्या, आणि सुगम ते दुर्घट या क्रमाने ब्रिटनभर अशा वाटांस हिरवा, निळा, तांबडा व काळा असे वर्ण देण्यात आले, हे ऐकून कोल्हापुरातील राजारामपुरीच्या रहिवाशांस त्या विलायती वनखात्याची कीव येते. कारण जे साधण्यास तेथे आराखडे, अभियंते व मंजुऱ्या लागल्या, ते आमच्या येथे पहिल्या गल्लीपासून बाराव्या गल्लीपर्यंत केवळ एका पावसाळ्याच्या बळावर, विनामोबदला सिद्ध होते. वर्णभेदाची शिकवणीही आम्हांस नको. पांढऱ्या रश्श्यावरून तांबड्याकडे वळताना काय सोसावे लागते, हे कोल्हापुरात बालकेही जाणतात. उणीव होती ती अरण्याची. परंतु रस्त्यांवरील खड्ड्यांत रोपे लावणाऱ्या नागरिकांनी, निषेधाच्या मिषाने का होईना, तीही दूर करण्याचा मार्ग दाखविला आहे. सबब, सदर मुलूख राखीव वन म्हणून जाहीर व्हावा. आणि मंत्रिमहोदयांच्या आगमनाची वर्दी येताच जे इसम रातोरात डांबर ओतून या संपत्तीचा विध्वंस करतात, त्यांजवर १९२७ च्या वन अधिनियमान्वये खटले भरण्यात यावेत.