मोटार आणि मोटर

ज्या इसमाची मोटार वर्षाकाठी चाळीस वेळा बाहेर पडते आणि त्यांपैकी निम्म्या वेळा फाटकापर्यंत जाऊन धापा टाकीत परत येते, त्या इसमाने तिच्या गॅरेजचे दार विजेवर चालणारे करून घ्यावे, यात विवेकाचा अंश किती आणि हौसेचा किती, याचा निवाडा मी वाचकांवर सोपवतो. कारण तो इसम दस्तुरखुद्द मीच असल्यामुळे वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश या तिन्ही जागा एकट्याने चालवणे मला शोभणार नाही.

मुलुंड पश्चिमेस, स्टेशनपासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, आमची तीन मजली इमारत उभी आहे. ती बांधली त्या काळी मोटार ही वस्तू वरातीतल्या हत्तीइतकीच क्वचित दिसत असल्यामुळे बारा बिऱ्हाडांना तीन गॅरेजे पुरतील असा हिशेब बांधणाराने केला, आणि तो हिशेब पुढे विलक्षण रीतीने खराच ठरला. कारण आज त्या तिहींपैकी एकात टेलरमास्तरांचे शिवणयंत्र चालते, दुसऱ्यात दहावीच्या मुलांना गणित शिकवले जाते, आणि गॅरेजात मोटार ठेवणारा विक्षिप्त गृहस्थ या आवारात माझ्यावाचून दुसरा उरलेला नाही. दहिसरच्या आनंदनगरातील पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी असा निकाल दिला की, इमारतीच्या खांबांमधली उघडी जागा म्हणजे कायद्याच्या अर्थाने गॅरेज नव्हे आणि बिल्डरास ती स्वतंत्रपणे विकता यावयाची नाही. त्या दिवसापासून तीन भिंती, वर छप्पर आणि पुढे शटर असलेल्या माझ्या गाळ्याकडे शेजारपाजारचे लोक खालसा व्हावयाच्या राहून गेलेल्या संस्थानाकडे पाहावे तसे पाहू लागले.

संस्थानची राणी म्हणजे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली आणि लालबहादूर शास्त्री मार्गाने घाटकोपर, विक्रोळी, भांडुप अशी नाकासमोर चालत मुलुंडास नांदावयास आली. माहेर आणि सासर एकाच रस्त्यावर असण्याचे भाग्य फार थोड्या मोटारींना लाभते. तिच्या काळ्यापिवळ्या भगिनी टॅक्सीच्या धंद्यातून २०२३ साली कायमच्या निवृत्त झाल्या. ही मात्र अजून नांदते आहे; फक्त सकाळी उठताना तिला दोन माणसांचा धक्का लागतो.

आता शटरविषयी. पत्र्याच्या लांब पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेली ती लोखंडी चटई दाराच्या माथ्यावरील नळीभोवती गुंडाळली जाते, आणि त्या नळीच्या पोटात स्प्रिंगा असतात; शटर खाली ओढताना त्या पिळल्या जातात, आणि ओढण्यात आपण खर्ची घातलेले बळ, वर ढकलतेवेळी, व्याजासकट नसले तरी मुद्दलापैकी बरेचसे परत करतात. ही सावकारी कैक वर्षे बिनतक्रार चालली. पुढे मात्र माझी कंबर आणि शटरची स्प्रिंग यांनी एकाच सुमारास दिवाळे काढले. तेव्हापासून उकिडवे बसून दोन्ही बाजूंची कुलपे काढावी, मुठीला धरून शटर वीतभर उचलावे, आणि त्या वीतभराचा जो खडखडाट होई तो ऐकून टेलरमास्तरांनी कात्री खाली ठेवावी, वॉचमनने खुर्ची सोडावी आणि दोघांनी दोन बाजूंना येऊन उभे राहावे, असा शिरस्ता पडला. शटर माथ्यास लागले की ते दोघे माघारी जात नसत. कोणी काही न सांगता ते मोटारीच्या पाठीशी जाऊन उभे राहत. बंद करताना कोपऱ्यातला लांब लोखंडी आकडा मुठीत अडकवून मी शटर खाली ओढी. एवढे एक कर्म माझ्या एकट्याच्या आवाक्यात उरले होते.

शटर ही वस्तू मुंबईकराला नुसते दार वाटत नाही. ते पूर्ण वर असेल तर शहरात क्षेम आहे, पूर्ण खाली असेल तर रविवार तरी आहे किंवा कोणीतरी थोर निवर्तले आहे, आणि गुडघ्याइतके उघडे असेल तर कुठल्यातरी पक्षाने बंद पुकारला असून दुकानदार आतल्या काळोखात बसून, रस्त्याने येणाऱ्या पायांवरून ते गिऱ्हाइकाचे की कार्यकर्त्याचे, याचा अंदाज घेत आहे, असे जाणावे. अशा बहुश्रुत वस्तूवर यंत्राचा अंमल बसवावा ही कल्पना मला स्वतःहून सुचली नसती. ती मला भाच्याने दिली.

हा भाचा अमेरिकेत न्यू जर्सी संस्थानातील एडिसन या गावी राहतो. विजेच्या दिव्याशी निगडित अशा पुरुषाचे नाव गावास असल्यामुळे तेथील रहिवाशांना हाताने काही करणे अप्रतिष्ठेचे वाटत असावे. २०१८ च्या नाताळात तो आला, माझा उकिडवा बसण्याचा विधी त्याने पाहिला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही अजून दोन माणसांच्या उपकारावर दार उघडता?" सी. जी. जॉन्सन नामक गृहस्थाने वर सरकणारे गॅरेजचे दार १९२१ साली काढले आणि १९२६ साली त्याला विजेचे यंत्रही जोडले, हा इतिहास त्याने मला ऐकवला. म्हणजे मुलुंडास जेव्हा बैलगाड्या होत्या तेव्हा तिकडची दारे बटणावर नाचत होती. दार जड झाले आहे हे मला सोसले असते. 'उपकार' हा शब्द मात्र खोलवर रुतला.

पुढच्या खेपेस त्याने तिकडचे एक यंत्र सामानातून आणले. ते पाहावयास साकीनाक्याहून शटरचा मिस्त्री आला. त्याने खोक्यातला लांब रूळ बाहेर काढून एका डोळ्याने न्याहाळला, पाठीवरली अक्षरे वाचली आणि रोगी हाताबाहेर गेल्याचे वैद्याने सांगावे तशा हलक्या स्वरात म्हणाला, "काका, याला वीज एकशेदहाची लागते, आपली दोनशेतीसची. ते जाऊ द्या. पण हे दार सरकवायचं यंत्र आहे. आपलं दार सरकत नाही, गुंडाळतं." अमेरिकेचे दार छताखाली जाऊन आडवे पडते आणि आपले स्वतःभोवतीच वेटोळे घालून बसते, हा दोन संस्कृतींमधील भेद इतक्या मोजक्या शब्दांत मला कोणी समजावून दिला नव्हता. खोके माळ्यावर गेले. मिस्त्रीने देशी इलाज सांगितला: नळीच्या बाजूला मोटर, तिच्यापासून नळीपर्यंत साखळी, शटर कोठवर जावे आणि कोठे थांबावे हे ठरवणारे लिमिट स्विच, आणि हातात रिमोट. "आणि लाइट गेली तर?" मी विचारले. "हातचेन आहे ना, काका. आत लोंबते." मी समाधानाने मान हलवली. 'आत' या अव्ययाचा संपूर्ण अर्थ मला पुढे उमगावयाचा होता.

यानंतर कार्यकारी समितीकडे रीतसर अर्ज केला. तीन हरकती निघाल्या. मोटर कोणाच्या मीटरवर चालणार, ही पहिली. माझ्याच, असे लेखी दिल्यावर ती निकालात निघाली. यंत्राचा आवाज होईल, ही दुसरी. ती ज्या सभासदांनी घेतली त्यांचे चिरंजीव तबला शिकतात, एवढे मी सभेच्या निदर्शनास आणले. मालक परगावी असताना शटर आपणहून उघडले आणि मोटार आपणहून बाहेर पडली तर जबाबदार कोण, ही तिसरी. तिच्यावर माझी मोटार ओळखणारे सर्व सभासद एकाच वेळी हसले, आणि ते हास्य इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' या शब्दांनी नोंदले गेले.

२०१९ च्या मार्गशीर्षात मिस्त्री आणि त्याचा पोऱ्या यांनी दिवसभर ठिणग्या उडवून मोटर बसवली. पहिल्या प्रयोगात शटर जमिनीस टेकल्यावरही नळी उलगडतच राहिली, त्यामुळे पट्ट्यांना पुढे जागा न उरून शटरला मध्यभागी सावकारासारखे पोट सुटले. मिस्त्रीने घाई न करता बाजूच्या पन्हळीवर खडूची रेघ ओढली, डबीचे झाकण काढून आतली इवलीशी चाके पेचकसाने एकेक दाता फिरवली, आणि पाचव्या खेपेस ते अवजड धूड रेघेवर येऊन असे अलगद थांबले की टेलरमास्तरांच्या तोंडून 'वा!' निघून गेला. अमेरिकेत १९९३ पासून अशा दाराखाली कोणी सापडल्यास ते थांबून माघारी फिरले पाहिजे असे बंधन आहे, हे भाच्याने बजावले असल्यामुळे मी उंबऱ्याशी दोन विजेचे डोळेही बसवून घेतले. आवारातील मांजर त्याच उंबऱ्यावर दुपारची वामकुक्षी करी. ते तेथे निजले असेतो शटर खाली येईना. परदेशच्या कायद्याचे संरक्षण आपल्याला मिळाले आहे हे त्या प्राण्याने आठवडाभरात ओळखले आणि मग ते रात्रीही तेथेच निजू लागले.

नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा, ताठ कमरेने, कुणाचा उपकार न घेता, बटण दाबून उभा राहिलो. शटर भुंग्यासारखे गुणगुणत वर गेले. मी मोटारीत बसलो, किल्ली फिरवली. पद्मिनीने एक उचकी दिली आणि ती स्वस्थ झाली. मी सवयीने आरशात पाहिले. मागे कोणी नव्हते.

टेलरमास्तर काजे करीत होते. वॉचमन वर्तमानपत्र वाचीत होता. आणि त्यांचा यात काडीइतका दोष नव्हता, कारण त्यांना बोलावणारा तो वीतभराचा खडखडाटच मी पैसे मोजून बंद करवला होता. इतकी वर्षे मी कोणाकडे काही मागत नाही असे समजत होतो; वस्तुतः माझ्या वतीने ते शटर मागत होते, आणि मला त्याची लाज वाटू नये इतक्या मोठ्याने मागत होते. आता दारात जाऊन, चप्पल काढून, "मास्तर, जरा वेळ आहे का?" असे माझ्याच तोंडाने म्हणणे भाग होते. मास्तर उठले, पण जाता जाता म्हणाले, "काका, मोटर बसवली ना? मग मोटारीला कशाला लागतो आम्ही?" एका अनुस्वाराचाही नव्हे, नुसत्या एका कान्याचा हा फरक मी त्यांना काय समजावणार?

त्यानंतर आला १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. टाळेबंदीमुळे सामान्य माणसाला लोकल बंद होती आणि घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्यासाठी आमच्या कुटुंबाने वेळ घेतलेली होती. मी बटण दाबले आणि शटर जागचे हलले नाही. एरव्ही मुलुंडची वीज गेली तर अंधेरीस असते आणि अंधेरीची गेली तर मुलुंडास, कारण आमच्याकडे महावितरण आणि तिकडे निराळ्या कंपन्या. पण त्या सकाळी अवघ्या मुंबईची वीज एकाच वेळी गेली, गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, आणि उपनगरांतला भेदभाव काही तासांपुरता का होईना नाहीसा झाला. मी मिस्त्रीला फोन लावला.

"काका, चेन ओढा."

"चेन आत आहे."

"मग आत जा."

"आत जायला दार हेच आहे."

बराच वेळ पलीकडून काही आले नाही. मग तो म्हणाला, "पुढल्या वेळी एक दिंडी दरवाजा पाडू."

रायगडाची हिरकणी मला त्या क्षणी आठवली. सूर्य मावळला की गडाचे दरवाजे बंद, मग आई असो की गवळण. स्वयंचलित दाराची खरी व्याख्या त्या आख्यायिकेतच आहे, की जे आपल्या नियमाने चालते आणि कोणाचे ऐकत नाही. हिरकणी निदान कडा उतरून गेली. कुटुंबाला मी रिक्षात बसवून दिले आणि मास्तरांच्या गाळ्यासमोर टेकलो. त्यांचे पायाने चालणारे शिवणयंत्र त्या दिवशी अख्ख्या इमारतीत चालू असलेले एकमेव यंत्र होते. मुखपट्ट्या शिवता शिवता त्यांनी मला एक स्टूल पुढे केले. यंत्राविषयी ते एक अक्षरही बोलले नाहीत.

दिंडी दरवाजा अजून झालेला नाही. समितीपुढे त्याचा अर्ज आहे. शटर मात्र गुणगुणत वर जाते, रेघेवर थांबते, मांजर आत-बाहेर करते. कोपऱ्यातला लोखंडी आकडा मिस्त्री भंगारात देणार होता, तो मी ठेवून घेतला, आणि आता त्याचा असा उपयोग होतो: प्रथम बटण दाबून शटर वीतभर वर घ्यावे, तेथेच थांबवावे, आणि आकडा घेऊन त्याच्या पट्ट्यांवर तीन वेळा जोराने खडखडाट करावा. कात्री खाली ठेवल्याचा आवाज येतो, वॉचमनची खुर्ची सरकते, आणि ते दोघे येऊन मोटारीच्या पाठीशी उभे राहतात.