न सोडता येणारा डाव

हॉकीचा चाहता आणि पत्त्यांचा शौकीन या दोघांकडे घरची माणसं एकाच नजरेने बघतात. दोघंही अवेळी जागे असतात, दोघंही स्वतःशी पुटपुटतात आणि हरल्यावर दोघांकडेही एक लांबलचक स्पष्टीकरण तयार असतं, ज्याचा सारांश ‘अगदी थोडक्यात हुकलं’ एवढाच असतो. फरक असलाच तर इतका, की पत्तेवाल्यावर लोक रागावतात आणि हॉकीवाल्याची कीव करतात. माझ्या वाट्याला दोन्ही आलं, कारण काही वर्षं हे दोन्ही छंद मी एकाच वेळी, एकाच सोफ्यावर बसून केले. नेरूळला पनवेलची शेवटची लोकल निघून गेली, की पाम बीच रस्त्यावरच्या एखाद्या गाडीचा आवाज काय तो उरतो. अशा वेळी समोर टीव्हीवर, आवाज बंद करून, युरोपातल्या कुठल्यातरी निळ्या टर्फवर भारताचा सामना. आणि हातातल्या फोनवर हिरव्या रंगाचं, लंबगोल, सहा खुर्च्यांचं पोकरचं टेबल. तो निळा-हिरवा उजेड तोंडावर घेऊन बसलेला पोक्त माणूस बाहेरून बघणाऱ्याला मत्स्यालयातला एखादा विचारमग्न मासा वाटला असता.

पोकर हा तसा बसून राहण्याचा खेळ आहे. दोन पानं तुमच्या हातात, पाच सगळ्यांच्या मध्ये. त्या पाचांतली तीन एकदम उघडतात, चौथं दमाने, आणि पाचवं, ज्याला ‘रिव्हर’ म्हणतात, ते सगळ्यात शेवटी. या नदीत भलेभले वाहून गेले आहेत. हातात एक्क्यांची जोडी यायची तर सरासरी २२१ डावांत एकदा येते. उरलेल्या डावांत सत्ती-दुर्री, नव्वी-तिर्री असली भुरटी पानं हातात घेऊन दुसऱ्यांची ऐट बघायची. म्हणून या खेळातलं खरं शहाणपण जिंकण्यात नसून सोडण्यात आहे. चांगला खेळाडू दहातले सात-आठ डाव सुरुवातीलाच सोडून देतो, बिनतक्रार, बिनदुःखाचा. गीतेतलं अनासक्तीचं तत्त्वज्ञान फोनवरच्या एका लाल बटणात मावलेलं मी पोकरमध्येच पाहिलं. आणि वाट बघण्याचं म्हणाल, तर नवी मुंबईकराला ते वेगळं शिकवावं लागत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हापासून या शहरात घर मिळणं म्हणजे सोडतीत नाव लागणं. इथे चार माणसं जमली की त्यांतल्या एकाला तरी सोडतीत घर लागलेलं असतं, आणि उरलेले तिघे त्याच्या कर्तृत्वाबद्दल जरा हातचं राखूनच बोलतात.

पत्ते आमच्या पिढीला वर्ज्य नव्हते. पैसे वर्ज्य होते. मे महिन्यात आजोळच्या ओटीवर झब्बू, बदामसात, मेंढीकोट हे सगळं चिंचोक्यांवर चालायचं. सगळ्यांत जास्त चिंचोके आजीकडे असत आणि ते कसे येतात हे विचारायची प्राज्ञा कुणाची नव्हती. पुढे नोकरीला लागल्यावर हार्बरच्या डब्यात चौघांच्या मांड्यांवर आडवी ठेवलेली ब्रीफकेस आणि तिच्यावर मांडलेली रमी पाहिली. मानखुर्द सोडून गाडी खाडीपुलावर आली, की हातातली पानं न दाखवता खाडी बघण्याचं कसब त्या लोकांना साधलेलं होतं. पण पत्त्यांचं सगळ्यात देखणं रूप पाहिलं ते सावंतवाडीच्या राजवाड्यात. तिथली गंजिफा गोल असते, लाखेच्या रंगांनी हाताने रंगवलेली. दशावतारी गंजिफेत १२० पानं. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, त्यांत एक राजा आणि एक प्रधान. ती पानं हातात घेऊन मी विचार करत होतो, की या लोकांनी पोकर काढला नाही यात नवल नाही. हातात प्रत्यक्ष राम आल्यावर ‘नको, सोडतो’ असं म्हणायचं कुणाच्या तोंडाने?

हॉकीचं नेमकं हेच आहे. ती सोडता येत नाही. माझ्या हातात ही पानं वडिलांनी दिली. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरमध्ये भारताने पाकिस्तानला २-१ असं हरवून विश्वचषक जिंकला, तो सामना त्यांनी जसदेवसिंगांच्या आवाजात रेडिओवर ऐकला होता. अशोककुमारांचा तो विजयी फटका गोलच्या कोपऱ्यात लागून बाहेर आला की आत जाऊन बाहेर आला, यावर पाकिस्तानने तेव्हा हरकत घेतली होती. वडील मात्र रेडिओवर ऐकलेला तो चेंडू आपण डोळ्यांनी आत गेलेला पाहिला, असं शेवटपर्यंत सांगत. १९८० ला मॉस्कोत सुवर्णपदक आलं, आणि नंतर जे सुरू झालं त्याला पोकरच्या भाषेत सुतक म्हणता येईल. १९८६ च्या विश्वचषकात बारा संघांत बारावे. २००० ला सिडनीत पोलंडला हरवलं की उपांत्य फेरी, आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्यांचा बरोबरीचा गोल. २००८ ला तर ऑलिंपिकचं दारच बंद. २०१० ला दिल्लीत, आपल्याच अंगणात, ऑस्ट्रेलियाकडून ०-८. २०१२ ला लंडनमध्ये पुन्हा बारावे. शहाण्या पोकरपटूने १९८६ मध्येच पानं टाकून चहा घ्यायला उठायला हवं होतं.

आम्ही उठलो नाही याचं एक कारण खडकीत जन्मलं होतं. धनराज पिल्ले हा पुण्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतला मुलगा. तुटक्या काठ्या दोऱ्याने बांधून खेळत मोठा झाला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा खेळला. केस उडवत डाव्या बगलेतून तो निघाला, की पुढे काय होणार हे आम्हाला पाठ असायचं: तो तिघांना चकवणार, चेंडू गोलसमोर आणून ठेवणार, आणि तिथे कुणीच नसणार. तरी पुढच्या वेळी तो निघाला की आम्ही पुन्हा पुढे सरकून बसायचो. पोकरमध्ये अशा माणसाला ‘मासा’ म्हणतात आणि त्याच्या टेबलावर बसायला सगळे टपलेले असतात. हॉकीत त्याला निष्ठावंत म्हणतात आणि त्याच्या शेजारी कुणी बसत नाही.

आणि मग ५ ऑगस्ट २०२१ ची सकाळ. लोकल सामान्यांसाठी बंद होत्या, ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलेलं होतं, आणि टोकियोत कांस्यपदकासाठी भारत आणि जर्मनी. दुसऱ्याच मिनिटाला गोल खाल्ला, मग १-३ ने मागे पडलो. इथवर सगळं परिचयाचं होतं, त्यामुळे मी निवांत फोनवर पत्ते खेळत होतो. पण सिमरनजित, हार्दिक, हरमनप्रीत, रुपिंदर यांनी मध्यंतराच्या आगेमागे असा काही धडाका लावला, की ५-३ झालं. अशा आघाडीची आम्हाला सवय नाही. तिने फार घाबरायला होतं. जर्मनीने ५-४ केलं. आणि शेवटचे जेमतेम सात सेकंद उरले असताना त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. नेमक्या त्याच क्षणी फोन थरथरला आणि माझ्या हातात दोन एक्के आले. इस्पिक आणि बदाम. पलीकडच्या कुणीतरी आपल्या सगळ्या चिप्स पुढे ढकललेल्या. माझ्या नावाभोवतीचं पिवळं वर्तुळ आक्रसू लागलं; तिकडे टोकियोत पाचजण मुखवटे चढवून गोलरेषेमागे उभे. दोन घड्याळं, आणि माझे डोळे एकाच घड्याळावर. चेंडू आला, गोलरक्षक श्रीजेशच्या पॅडवर आपटून बाहेर गेला. एक्केचाळीस वर्षांनी पदक. श्रीजेश गोलपोस्टवर चढून बसला. मी फोनकडे पाहिलं तर यंत्राने वेळ संपल्याचं कारण देऊन माझे एक्के परस्पर टाकून दिले होते. त्या डावाचं मला आजही तिळमात्र दुःख नाही. उलट एक्क्यांचा इतका चांगला उपयोग मी कधी केला नव्हता.

त्यानंतर पोकरकडे बघण्याची माझी नजरच बदलली. पॅरिसला, ४ ऑगस्ट २०२४ ला, ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सामना भारत दहा जणांनिशी खेळला. १-१ वरून शूटआउट. शूटआउटमध्ये चेंडू घेऊन येणाऱ्याला आठ सेकंद असतात आणि समोर एकटा गोलरक्षक. जो आधी आपलं पान दाखवतो तो गेला. श्रीजेशने त्या दिवशी काहीच दाखवलं नाही, आणि आपण ४-२ ने जिंकलो. तेव्हा वाटलं, की आपण इतकी वर्षं फोनवर जे शोधत होतो ते समोरच्या टीव्हीवर फुकट चाललं होतं.

फुकट हा शब्द महत्त्वाचा, कारण दुसरीकडे फार महाग पडू लागलं होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी. म्हणजे पान बघण्याआधीच सरकारचा डाव लागलेला. पत्त्यांत कौशल्य किती आणि नशीब किती, हा आपल्याकडचा जुना वाद. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला, आणि तेव्हापासून प्रत्येक हरणारा स्वतःला कुशल समजत आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने तो वादच निकालात काढला. कौशल्य असो की नशीब, ऑनलाइन पैसे लावून खेळणं बंद. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. माझं हिरवं टेबल सहा खुर्च्यांसकट नाहीसं झालं. गंमत म्हणजे हॉकी हा राष्ट्रीय खेळ असल्याची कुठे नोंदच नाही, हे क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्ये माहिती अधिकारात कळवलं होतं. माझा एक खेळ कागदावर कधी चढलाच नाही आणि दुसरा कागदानेच उतरवला.

पाच दिवसांनी गणपती आले. सोसायटीच्या मंडपात जागरणाला सतरंजीवर पत्त्यांचा खराखुरा जोड निघाला. किलवरची राणी हरवल्यामुळे तिच्या जागी कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड. शेजारचे काका मेंढीकोट खेळताना भागीदाराला खुणा करत होते, आणि त्या खुणा सगळ्या मंडपाला कळत होत्या. त्याच दिवसांत राजगीरला आशिया चषक चालू होता. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला, कोरियाशी अंतिम सामना. पोकरच्या काळात माझ्यापासून चार हात लांब राहणारी बायको मोदकांचं उरलेलं सारण घेऊन शेजारी येऊन बसली. पहिल्याच मिनिटाला सुखजितने गोल केला तेव्हा तिने ‘संपलं का?’ असं विचारलं. पुढे कॉर्नरसाठी मुखवटे चढवणारे खेळाडू बघून म्हणाली, “हे दरोडेखोरांसारखं काय?”

मी सांगितलं. चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने येतो. गोलरेषेवरून एकजण सगळ्यांच्या आधी थेट त्या चेंडूच्या दिशेने धावतो; अंगावर घेतला तरी चालेल, पण फटका अडवायचा. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा अमित रोहिदास करतो. टोकियोतही तोच धावायचा.

“लाल कार्डवाला?”

“तोच. बंदी भोगली, कांस्यपदकाच्या सामन्याला परत आला, आणि परत धावायला लागला.”

थोड्या वेळाने भारताचा चौथा गोल त्यानेच केला. आपण ४-१ ने जिंकलो, २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट हातात आलं. बायको वाटीतलं सारण चमच्याने गोळा करत काहीतरी हिशेब मांडत होती.

“म्हणजे हा माणूस तुझ्या त्या पोकरला बसला असता,” ती म्हणाली, “तर एकही डाव न सोडता तासाभरात कफल्लक झाला असता.”

“अर्ध्या तासात,” मी म्हटलं. “पण विश्वचषक पुढच्या ऑगस्टमध्ये आहे. बेल्जियम आणि नेदरलँड्स. सामने रात्रीचे असतील.”

“मग मलाही उठव,” ती म्हणाली.